विक्रीस निघालेले जुने घर आणि त्याची पारख
(अहमदाबादच्या पोळांवरून घेण्यासारखा धडा)

व्यापाऱ्याच्या कुळात जन्मलेल्या मनुष्यास विक्रीस निघालेली वस्तू दिसली की तिचा भाव विचारल्यावाचून राहवत नाही. धान्य असो, कापड असो वा सोने असो. वानगी पाहावी, भाव ठरवावा आणि सौदा करावा, ही रीत आपल्या अंगवळणी पडलेली आहे. परंतु शहराच्या जुन्या वस्तीतील शे-दीडशे वर्षांचे घर विक्रीस निघते, तेव्हा भल्याभल्यांचाही अंदाज चुकतो. कोणी जागेच्या मापाने भाव करतो, कोणी लाकडाच्या घनफळाने करतो, तर कोणी दारावरील कोरीव काम पाहूनच भुलतो. या तिन्ही मापांनी घराचे खरे मोल कळत नाही, असे आमचे नम्र मत आहे. वडोदरे, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या समाजाची जुन्या पेठांतील घरे आज विक्रीस निघत आहेत. सबब हा विषय येथे थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

उदाहरणादाखल आम्ही अहमदाबाद शहर घेतले आहे. धान्याच्या ठोक व्यापारामुळे कालुपूरच्या चोखा बाजाराशी आमचा संबंध जुना आहे, हे एक कारण. दुसरे असे की, जुन्या घरांच्या खरेदी-विक्रीचे जेवढे प्रकार असू शकतात तेवढे सर्व त्या एका शहरात पाहावयास मिळतात. सुलतान अहमदशहाने सन १४११ मध्ये वसविलेल्या या शहरास जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा नगरीचा मान दिला. हा मान मिळविणारे ते भारतातील पहिले शहर होय.

मराठी वाचकांस हे शहर परके नाही. सन १७५८ पासून सुमारे साठ वर्षे तेथे पेशवे व गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता, आणि रायखडातील गायकवाड हवेली त्याची साक्ष देते. त्यापूर्वी सन १७२५ मध्ये मराठी फौजांच्या लुटीचे संकट शहरावर आले, तेव्हा नगरशेठ खुशालचंद यांनी पदरची रक्कम देऊन शहर वाचविले. त्याबद्दल व्यापाऱ्यांनी शंभर रुपयांच्या मालामागे चार आणे त्यांच्या घराण्यास देण्याचे कबूल केले. शहर राखणे हे व्यापाऱ्याचे काम आहे, ही जाणीव तेथील मातीत किती खोल रुजलेली आहे ते यावरून दिसेल.

पोळ म्हणजे काय

पोळ म्हणजे एकाच प्रवेशद्वाराच्या आत वसलेली घरांची गल्ली. रात्री दरवाजा बंद झाला की आतील कुटुंबे निर्धास्त होत. बहुधा एकाच जातीचे किंवा एकाच धंद्याचे लोक एका पोळेत राहत. झवेरीवाड, दोशीवाडानी पोळ या वस्त्या जैन समाजाच्या म्हणून प्रसिद्ध आहेत, आणि हाजा पटेलच्या पोळेतील शांतिनाथाचे लाकडी देरासर पाहण्यासारखे आहे. मध्ये पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी उंच खांबावरील चबुतरा, जवळ विहीर, आणि दोहों बाजूंस एकमेकांस खेटून उभी असलेली दोन-तीन मजल्यांची घरे, असे पोळेचे रूप असते. शेजारच्या घरांची भिंत पुष्कळदा एकच असते. पोळेचा कारभार पंच पाहत, आणि पूर्वी बाहेरच्यास घर विकावयाचे तर पंचांची संमती लागत असे. घर मालकाचे खरे, पण ते पोळेचाही एक अवयव आहे, अशी त्यामागील समजूत होती.

घराची रचना

या घरांचा दर्शनी भाग अरुंद व खोली मोठी असते. रस्त्यालगत ओटा, त्यावरून आत गेल्यावर खडकी म्हणजे देवडीसारखी पुढची खोली, नंतर वरून उघडा चौक, चौकालगत परसाळ म्हणजे आपल्याकडील सोप्यासारखी अर्धी मोकळी जागा, आणि तिच्यामागे ओरडो म्हणजे माजघर. मराठी वाड्यात वाढलेल्या वाचकास ही मांडणी ताबडतोब ओळखीची वाटेल. चौकातून उजेड येतो, गरम वारा वर निघून जातो, आणि दोन्ही बाजूंच्या घरांची सावली एकमेकांस मिळते. वैशाखातदेखील खालच्या मजल्यावर बसवते ते यामुळेच.

चौकाच्या फरशीखाली टाके असते. छपरावर पडलेले पावसाचे पाणी नळीवाटे या टाक्यात उतरते, आणि चुन्याने लिंपलेल्या त्या अंधाऱ्या जागेत ते वर्षभर पिण्याजोगे राहते. साबरमतीचे पाणी शुद्ध करून नळाने पुरविण्याची योजना रावबहादूर रणछोडलाल छोटालाल यांच्या पुढाकाराने सन १८९१ च्या सुमारास सुरू झाली. हळूहळू टाक्यांची गरज लोकांस वाटेनाशी झाली. कित्येक टाकी बुजली, कित्येकांत केरकचरा गेला. तथापि ज्या घरी ते नीट राखले आहे, तेथे आजही त्याचा उपयोग होतो.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट भिंतीच्या पोटात असते. विटांच्या भिंतीत ठराविक उंचीवर सागवानी लाकडाच्या आडव्या पट्ट्या घातलेल्या असतात, आणि त्या तुळयांशी व खांबांशी जोडलेल्या असतात. त्यामुळे धरणी हलली तर भिंत थोडी झुलते, पण एकदम कोसळत नाही. दि. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतील नव्या पद्धतीच्या अनेक बहुमजली इमारती पडल्या व शेकडो लोक प्राणास मुकले. जुन्या शहरातील लाकडाने बांधलेली घरे त्या मानाने पुष्कळच सावरली. जुने म्हणजे कच्चे, ही समजूत किती उथळ आहे हे त्या दिवशी दिसून आले.

कोरीव कामाचा मोह

ग्राहकाचे लक्ष प्रथम जाते ते कोरीव लाकडाकडे. त्यात नवल नाही; ते परदेशीयांचेही गेले आहे. लॉकवुड डी फॉरेस्ट नावाचे एक अमेरिकन चित्रकार सन १८८१ मध्ये अहमदाबादेस आले, आणि हठीसिंग घराण्यातील मगनभाई यांच्या साह्याने त्यांनी तेथे लाकडी कोरीव कामाचा कारखाना उभा केला. तेथील सुतारांनी कोरलेले सागवानी काम अमेरिकेत गेले. न्यूयॉर्क शहरात पूर्व १०व्या रस्त्यावर ७ क्रमांकाचे घर डी फॉरेस्ट यांनी सन १८८७ मध्ये स्वतःसाठी बांधविले. त्याच्या दर्शनी भागावर अहमदाबादी कोरीव कामाचा सज्जा आहे. ते घर पुढे दुसऱ्यांच्या हाती गेले व आज न्यूयॉर्क विद्यापीठाकडे आहे. पण तिकडील बर्फ व पाऊस सोसून तो सज्जा अद्याप जागेवर आहे. त्याच शहरातील मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचे सोळाव्या शतकातील कोरीव लाकडी काम सन १९१६ पासून आहे.

या दोन उदाहरणांतील फरक ध्यानी घ्यावा. डी फॉरेस्ट यांच्या कारखान्याने नवे काम घडविले आणि कारागिरांस पोट भरण्याचे साधन दिले. पाटणचे काम मात्र मूळ वास्तूपासून कायमचे वेगळे झाले. आज पोळांतील घरांचे खांब, कमानी व घोडे काढून जुन्या वस्तूंच्या बाजारात विकले जातात, तो प्रकार दुसऱ्या जातीचा आहे. घोडा हा शोभेसाठी लावलेला नसतो. त्याच्यावर वरच्या मजल्याचा पुढे आलेला भाग तोललेला असतो. तो काढला की दिवाणखान्यात एक शोभेची वस्तू येते आणि गल्लीतील एका घराचा कणा मोडतो. हे लाकूड जोवर घरास धरून आहे तोवरच त्याचे पुरते मोल आहे.

ग्राहकांचे चार प्रकार

सन १८९२ मध्ये साबरमतीवर लोखंडी एलिस पूल झाला, आणि पुढे पश्चिम तीरावर गृहनिर्माण सोसायट्या वसू लागल्या. मोकळी हवा, रुंद रस्ते, गाडी दारापर्यंत नेण्याची सोय, यांमुळे सुखवस्तू कुटुंबे तिकडे गेली. वेळोवेळी झालेल्या दंगलींनीही लोकांस बाहेर लोटले. त्यांना दोष देता येत नाही. घरे मात्र मागे राहिली, आणि त्यांना चार प्रकारचे ग्राहक येऊ लागले.

पहिला ग्राहक स्वतः राहणारा. त्यास देरासर जवळ हवे असते, बाजार पायाखाली हवा असतो आणि शेजाऱ्याची हाक ऐकू येणारी वस्ती हवी असते. दुसरा ग्राहक पाहुण्यांसाठी घर घेणारा. दि. १९ नोव्हेंबर १९९७ रोजी महानगरपालिकेने जुन्या शहराची पायी सफर सुरू केली, तेव्हापासून दूरदूरचे लोक पोळा पाहावयास येतात आणि अशा घरांत मुक्कामही करतात. सिदी सैयद मशिदीसमोरील गिरणीमालक मंगळदास गिरधरदास यांची सन १९२४ ची कोठी आज पाहुण्यांचे निवासस्थान म्हणून चालते व सुस्थितीत आहे. उत्तरायणाच्या सुमारास तर पतंग उडविण्यासाठी पोळांतील गच्च्यासुद्धा भाड्याने जातात. तिसरा ग्राहक गोदाम किंवा दुकान करणारा, आणि चौथा घर पाडून लाकूड व जागा वेगवेगळी विकणारा.

पुष्कळदा तिसरा आणि चौथा ग्राहक भाव अधिक देतात, आणि येथेच आपल्या व्यापारी समाजास स्पष्ट बोलणे भाग आहे. पोळांतील घरांची जी हानी झाली तिचा मोठा भाग आपल्यासारख्या ठोक व्यापाऱ्यांच्या गोदामांमुळे झाला आहे. हिशेब करून पाहू. ५० किलोचे पोते आडवे ठेवले असता सुमारे अर्धा चौरस मीटर जागा व्यापते. दहा पोत्यांची थप्पी लावली की त्या जागेवर ५०० किलो, म्हणजे दर चौरस मीटरला १,००० किलो वजन पडते. राहत्या खोलीच्या मजल्यावर माणसे व सामान मिळून दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरावा, असे भारतीय मानक सांगते. थप्पीचा भार त्याच्या पाचपट झाला. शंभर वर्षांच्या तुळयांनी तो कसा सोसावा? शिवाय धान्यामागे उंदीर येतात, उंदीर भिंती पोखरतात, आणि हवा बंद केलेल्या खोलीत ओल साचून वाळवीस निमंत्रण मिळते. तेच कापडाच्या गाठींचे व भांड्यांच्या पेट्यांचे. घर बारा वर्षांत खचले की मालक म्हणतो, जुने होते म्हणून पडले. वास्तविक ते ओझ्याने पडलेले असते. आणि भिंत सामाईक असल्याने एक घर पडले म्हणजे दोहों बाजूंच्या शेजाऱ्यांची झोप उडते. ज्या व्यवहारात दुसऱ्याच्या जिवास धोका आहे, तो कायद्याने चालला तरी आपल्या धर्मबुद्धीस पटण्यासारखा नाही.

पारख कशी करावी

आपण धान्य घेताना वरचे दाणे पाहून भाव करीत नाही. पोत्याच्या पोटात सळई खुपसून वानगी काढतो. घराच्या बाबतीतही तसेच करावे.

१. घर प्रथम भर पावसाळ्यात पाहावे. उन्हाळ्यात प्रत्येक घर कोरडे दिसते. कौले कोठे गळतात, चौकातील पाणी किती वेळात ओसरते, भिंतीस ओल किती उंचीपर्यंत चढते, हे श्रावणात कळते.

२. तुळयांची टोके जेथे भिंतीत शिरतात तेथे लाकडी हातोडीने ठोकून पाहावे. सागवान शाबूत असेल तर आवाज खणखणीत येतो. पोकळ आवाज आला तर वाळवीची किंवा कुजण्याची शंका घ्यावी. मधल्या भागावर रंग चढवून दोष झाकता येतो, पण टोके खोटे बोलत नाहीत.

३. टाक्याचे झाकण उघडवून आत उजेड पाडावा. टाक्यास तडा असेल तर त्याचे पाणी घराच्या पायात मुरते.

४. भिंतींवर सिमेंटचा गिलावा केलेला असल्यास सावध असावे. जुन्या विटा व चुना ओल शोषून पुन्हा बाहेर सोडतात. सिमेंट ती आत कोंडते, आणि कोंडलेली ओल लाकडास खाते. दुरुस्ती चुन्यानेच करावी आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा.

५. शेजारच्या दोन्ही घरांतही जाऊन यावे. सामाईक भिंतीची अर्धी हकीकत तिकडे असते. शेजारचे घर पाडले गेले असेल, तर आपल्या भिंतीस आता कोणाचा आधार आहे, हे जाणत्या इंजिनियरास दाखवावे.

६. घरात गृहमंदिर असल्यास त्याची व्यवस्था सौद्यापूर्वी ठरावी. प्रतिमा स्थानिक संघाच्या विचाराने विधिपूर्वक अन्यत्र नेल्या गेल्या आहेत ना, हे पाहिल्याखेरीज इसार देऊ नये.

कागदपत्रे

घर पसंत पडले म्हणजे निम्मेच काम झाले. सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर मालक म्हणून बहुधा आजोबा-पणजोबांचे नाव असते, आणि वारस चार गावी विखुरलेले असतात. सर्वांच्या सह्या हव्यात. त्यात मुलींचा विसर पडू देऊ नये. सन १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांसही लागू आहे, आणि सन २००५ च्या दुरुस्तीने वडिलार्जित एकत्र मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क जन्मतःच मिळतो. लग्न होऊन परगावी गेलेल्या बहिणीची सही घेण्याचे राहिले म्हणून उभे राहिलेले वाद वर्षानुवर्षे चालतात.

घरात जुना भाडेकरू असेल, तर त्यास सन १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे किंवा कसे, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. जुनी खतपत्रे वाचवून घ्यावीत. कारण पागोळ्यांचे पाणी कोणाच्या बाजूस पडावे, कोणती खिडकी उघडी ठेवावी, मोरी कोठून जावी, असले हक्क त्यांत लिहिलेले असतात. शिवाय गुजरातमध्ये सन १९९१ च्या कायद्यानुसार अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागातील स्थावर, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाही, आणि जुन्या अहमदाबादेचा बराच भाग त्यात मोडतो. परवानगीपूर्वी पूर्ण रक्कम देणे शहाणपणाचे नव्हे.

घर महानगरपालिकेच्या वारसा-यादीत आहे किंवा नाही, हेही पाहावे. यादीतील घर मनास येईल तसे पाडता वा बदलता येत नाही. पुष्कळांस ही अडचण वाटते. पण तिच्याबरोबर एक सवलतही आहे. अशा घराची रीतसर दुरुस्ती करणाऱ्या मालकास, त्या जागेवर न वापरलेला बांधकामाचा हक्क प्रमाणपत्राच्या रूपाने मिळतो आणि तो अन्यत्र बांधकाम करणाऱ्यास विकता येतो. दुरुस्तीच्या खर्चास त्यातून हातभार लागावा, असा हेतू आहे. खरेदीचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू सोडू नये. तसेच ती रक्कम हाती येण्यापूर्वी खर्चातही धरू नये.

तात्पर्य

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा घराचे आकर्षण ते काय? आमच्या मते ते असे आहे की, त्याची प्रत्येक सोय दुसऱ्या सोयीशी बांधलेली आहे. चौक आहे म्हणून हवा आहे. छप्पर व टाके आहे म्हणून पाणी आहे. भिंतीत लाकूड आहे म्हणून स्थैर्य आहे. शेजार आहे म्हणून सावली व आधार आहे. यांतील एक काढून घेतले की बाकीच्यांचा भाव उतरतो. चौकावर पत्रा टाकून खोली वाढविणारा वीतभर जागा मिळवितो आणि घरभराची हवा घालवितो. म्हणून अशा घराचा सौदा सुट्या मालाचा नव्हे. तो चालत्या पेढीचा सौदा आहे. पेढी घेताना आपण केवळ फळ्या व तराजू यांची किंमत देत नाही. तिची पत, तिचे गिऱ्हाईक व तिचा शेजार हे सर्व मिळून किंमत देतो.

सभासद बंधूंस आमची सूचना एवढीच आहे. ज्यांना राहावयाचे आहे किंवा पाहुणे ठेवावयाचे आहेत, त्यांनी वरीलप्रमाणे पारख करून अशी घरे अवश्य घ्यावीत, आणि दुरुस्तीची रक्कम खरेदीच्या रकमेसोबतच वेगळी काढून ठेवावी. ज्यांना गोदाम हवे आहे त्यांनी शहराबाहेर पक्क्या जमिनीवर बांधावे. भाडे व वाहतूक धरूनही ते स्वस्त पडते, हे धान्याच्या धंद्यातील आमचे म्हणणे आहे. आणि ज्यांना आपले वडिलार्जित घर विकणे प्राप्त आहे, त्यांनी दोन ग्राहकांच्या भावात थोडेच अंतर असेल, तर घर उभे ठेवणाऱ्या ग्राहकास पसंती द्यावी. थोड्या कमी रकमेत गल्लीतील दहा कुटुंबांच्या भिंती शाबूत राहतात. खुशालचंद शेठांनी सबंध शहरासाठी पदर मोडला. आपल्यापुढे तर एका पोळेचाच प्रश्न आहे.